खाण्याचे विकार: ओळख, तपासणी आणि उपचार कोणत्या क्रमानं करायचे

सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना समोर आलेली फाईल मी शेवटच्या पानापासून वाचते. सगळ्यात खालचा कागद बहुधा भूक वाढवायच्या सिरपचा असतो. त्यावर जंताचं औषध, मग रक्तवाढीच्या गोळ्या, मग पोटाची सोनोग्राफी, मग पाळी यायच्या गोळ्या. मध्ये कुठंतरी दृष्टही काढलेली असते, फक्त तिचा कागद नसतो. असे सात-आठ महिने गेल्यावर कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढतं आणि घरात वाजतं, ‘आमची पोरगी काय येडी हाय का?’

माणसं उपाय करत नाहीत असं नाही. करतात, पण क्रम चुकतो. जे पहिल्या आठवड्यात व्हायला हवं ते आठव्या महिन्यात होतं, आणि जे सगळ्यात शेवटी विचारायचं ते (‘का करतेस असं?’) पहिल्याच दिवशी विचारून मोकळे होतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. मी बरेचदा ‘मुलगी’ म्हणणार आहे, कारण जास्त करून त्याच येतात. पण भरतीची तयारी करणारी मुलं, तालमीतली पोरं आणि चाळिशीतल्या बायकाही याच फायलींमध्ये असतात.

पायरी १. कोणता विकार आहे ते ओळखा

*ॲनोरेक्सिया.* खाणं कमी, वजन उतरतंय, आणि तरीही जाड होण्याची भीती. यात भूक मेलेली नसते. भूक लागते आणि ती दाबली जाते, म्हणून सिरप चालत नाही. अशी मुलगी उलट स्वयंपाकघरात जास्त रमते. भावाला आग्रह करकरून वाढते, पदार्थांचे व्हिडिओ बघते, आणि स्वतः भाकरीचे नखाएवढे तुकडे करून अर्धा तास चघळते. चपातीला तूप लागलंय का हे लांबून ओळखते. एप्रिल-मेच्या उन्हात अंगात स्वेटर, गार पडलेले हात, दंडावर-पाठीवर बारीक मऊ लव, गळणारे केस, थांबलेली पाळी. ‘अभ्यासाचं टेन्शन आहे’ म्हणून हे सगळं झाकलं जातं, कारण ही मुलं बहुतेक वेळा अभ्यासातही टोकाची काटेकोर असतात.

*बुलिमिया.* इथं वजन साधारण असतं, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. थोड्या वेळात भरपूर खाणं, खाताना हात थांबत नाही ही भावना, आणि मग ते ‘फेडायला’ उलटी काढणं, जुलाबाचं चूर्ण घेणं, दोन दिवस उपाशी राहणं किंवा बेसुमार व्यायाम. जेवण झालं की लगेच बाथरूम आणि आत नळ सोडलेला. बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूनं घट्टे, गालांच्या मागे कानाखाली सूज, दातांचं वरचं कवच झिजलेलं. पुष्कळदा पहिली शंका दंतवैद्यालाच येते.

*बिंज इटिंग.* खाण्यावरचा ताबा सुटणं तसंच, पण नंतर उलटी-जुलाब नाहीत. एकट्यानं, लपून, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत, आणि मग स्वतःची किळस. दिवाळीत चार करंज्या जास्त गेल्या म्हणजे बिंज झालं असं समजू नका. साधारण आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं असेल तर तो विकार धरतात. पण तपासायला तीन महिने थांबायचं नसतं.

*आर्फिड.* खाणं फारच मोजकं, पण जाड होण्याची भीती नाही. चिकट, दाणेदार, वासाचं काही नको. किंवा एकदा घास अडकला, तेव्हापासून घट्ट काहीच गिळत नाही.

*पायका.* माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पोपडे, राख, कोळसा असं जे अन्नच नाही ते महिनाभर किंवा जास्त खात राहणं. दोन वर्षांखालचं मूल दिसेल ते तोंडात घालतं, ते यात धरत नाहीत.

आता आपल्याकडच्या दोन पांघरुणांबद्दल, कारण ओळख इथंच चुकते.

पहिलं पांघरूण उपासाचं. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. देवाचं नाव आलं की आज्जी कौतुक करते आणि आई गप्प बसते. उपास किती करते हे मोजत बसू नका, ती उपास *सोडते कशी* ते बघा. श्रद्धेनं उपास करणारी मुलगी साबुदाण्याची खिचडी आवडीनं खाते, चंद्रोदय झाला की ताटावर बसते. आजारी मुलगी खिचडीही खात नाही. ताक पिऊन राहते, सोडायच्या वेळी ‘आता भूक मेली’ म्हणते, आणि पुढच्या महिन्यात एक वार वाढवते. घरात कुणी सांगितलेला नसताना वाढलेला वार ही खूण मी फार गांभीर्यानं घेते.

दुसरं पांघरूण पित्ताचं. आपल्याकडे सकाळी घशात बोटं घालून पित्त काढणारी मोठी माणसं घरोघरी आहेत. त्यामुळं मुलीनं तेच केलं तर कुणी दचकत नाही. पित्ताची उलटी बहुधा रिकाम्या पोटी, कधीमधी आणि सगळ्यांदेखत होते. जेवणानंतर अर्ध्या तासात, दार लावून, आठवड्यातून चार वेळा होणारी उलटी पित्ताची धरू नका.

मुलांच्या बाबतीत खूण वेगळी दिसते. साताऱ्याकडच्या गावांत सैन्यभरती आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे पळतात, त्यात काही वावगं नाही. पण पाय दुखावला असतानाही पळणं, एक दिवस बुडला तर जेवण वगळणं, भाकरी-भात पूर्ण बंद आणि फक्त अंडी आणि प्रोटीन पावडर, दिवसातून दहादा आरशात दंड बघणं हा व्यायाम राहिलेला नाही. कुस्तीत वजनगटात बसायला पाणी तोडणारा पैलवान स्पर्धा झाल्यावर पूर्ववत जेवायला लागतो का, हेही बघा.

पायरी २. आठवडाभर गुपचूप नोंद ठेवा

शंका आली की लगेच भिडू नका. सात दिवस वहीत लिहा: काय वाढलं, काय खरंच खाल्लं, जेवणानंतरचा तास कुठं गेला, किती व्यायाम, पाळीची शेवटची तारीख, चक्कर, थंडी वाजणं, झोप. वर्षभरापूर्वीचे कपडे आता कसे बसतात तेही लिहा. वजनाच्या आकड्यापेक्षा ते जास्त खरं सांगतं.

तासगावकडच्या एका आईला या नोंदीत एक मुंग्यांची रांग सापडली. रांग माळ्यावरच्या ट्रंकेमागे जात होती. तिथं वहीच्या पानांत गुंडाळलेले भाकरीचे तुकडे होते, वाळून कडक झालेले, काहींवर चटणीचा लाल डाग तसाच. पोरगी रोज ‘जेवले’ म्हणत होती आणि ताट खरंच रिकामं असायचं. त्या बाईनं तेव्हा आरडाओरडा केला नाही. तुकडे मोजून वहीत लिहिले आणि ट्रंक होती तशी ठेवली. मला त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा आधीच्या कुठल्याच रिपोर्टचा झाला नव्हता.

*चूक:* फोन तपासणं, दप्तर उपसणं, मैत्रिणींना गुपचूप विचारणं. ते कळलं की ती जास्त हुशारीनं लपवते.

पायरी ३. आज रात्रीच दवाखाना, की पुढच्या आठवड्यात?

ही पायरी वगळू नका. ॲनोरेक्सिया हा मानसिक आजारांतला सगळ्यात जीवघेण्या आजारांपैकी एक आहे, आणि बुलिमियात वजन ठीक असतानाही हृदय दगा देऊ शकतं. वारंवार उलटी-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते.

मुलीला पाच मिनिटं आडवं झोपवा. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. मग उभं करा, दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. खालीलपैकी एकही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात:

- जागेपणी, शांत असताना नाडी ५० च्या खाली
- उभं राहिल्यावर अंधारी, किंवा नाडी एकदम भरभर वाढणं
- बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, छातीत दुखणं
- अंगाचं तापमान ९६ फॅरनहाइटच्या खाली, किंवा वरचं ब्लड प्रेशर ९० च्या खाली
- उकिडवं बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता न येणं
- उलटीत रक्त, पायांत गोळे, हातपाय लुळे पडल्यासारखे वाटणं
- पाणीसुद्धा नाकारणं
- मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या मुलीनं वजन उतरावं म्हणून इन्सुलिन टाळणं
- जीव द्यायची भाषा

भरतीवाल्या मुलांचे वडील इथं हमखास सांगतात, ‘पळणाऱ्याची नाडी कमीच असते मॅडम.’ असते. पण वजन उतरत असेल आणि जेवण तुटलं असेल तर ते कारण ईसीजी काढल्याशिवाय मान्य करू नका.

*दुसरी तपासणी:* गेल्या पाच-दहा दिवसांत जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नसेल, किंवा तीन ते सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा किंवा जास्त गेला असेल, तर घरच्या घरी पोटभर जेवू घालायला सुरुवात करू नका. कारण पायरी ६ मध्ये.

पायरी ४. बोलायचं कसं

जेवणाची वेळ सोडून बोला, आणि एकानंच बोला. आई, बाबा, आज्जी, काका असं खटलं मांडू नका. दिसलेल्या गोष्टी सांगा: ‘दोन महिन्यांत तुला तीनदा चक्कर आली. पाळी आलेली नाही. मला भीती वाटते. शुक्रवारी आपण डॉक्टरांकडे जातोय, मी बरोबर आहे.’ एवढंच. परवानगी मागू नका, विचारू नका. दिवस ठरवून सांगा.

ती म्हणेल, ‘मला काही झालेलं नाही.’ आपण आजारी आहोत हे न पटणं हा या आजाराचाच भाग आहे, तेव्हा ते पटवण्यात रात्र घालवू नका. तुमचा आवाज चढला की विषय खाण्यावरून तुमच्या ओरडण्यावर जातो.

बोलू नयेत अशी वाक्यं: ‘शेजारची बघ कशी जेवते.’ ‘आम्हाला मेलं खायला मिळत नव्हतं.’ ‘तुला काय कमी केलं आम्ही?’ ‘माझ्या गळ्याची शपथ आहे, खा.’ शेवटचं तर कधीच नको. शपथेवर खाल्लेला घास बाथरूममध्ये जातो आणि आईला फसवल्याचं ओझं तेवढं उरतं.

पायरी ५. पहिली तपासणी

आधी शरीराचा डॉक्टर: एमडी मेडिसिन, किंवा मूल लहान असेल तर बालरोगतज्ज्ञ. मानसोपचारतज्ज्ञ त्याच आठवड्यात, सहा महिन्यांनी नव्हे. मिरज-सांगलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडचं मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी दोन्ही विभाग बहुधा एका आवारात असतात, त्यामुळं हेलपाटे वाचतात. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. आणि कुठं जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

वही बरोबर न्या, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, ‘आम्हाला खाण्याच्या विकाराची शंका आहे.’ नुसतं ‘जेवत नाही, अशक्तपणा आहे’ म्हटलंत तर सलाईन लावून घरी पाठवतील. चूक त्यांची नसते, तुम्ही तेवढंच सांगितलेलं असतं. उलट्यांचं वाक्य मुलीसमोर जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

साधारण या तपासण्या होतात: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, कॅल्शियम, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉईड आणि ईसीजी. वजन उतरण्याची दुसरी कारणं वगळायला हवीत, विशेषतः क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड आणि आतड्यांचे आजार. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतात. आठवणीनं विचारा.

*चूक:* ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे नाटकं आहेत.’ या आजारात रक्ताचे रिपोर्ट बराच काळ ठीक येतात. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की, पायरी ३ मधलं काही नसेल, तर उपचार आजपासून घरी सुरू करता येतील.

*चूक:* पाळी बंद म्हणून नुसत्या हार्मोनच्या गोळ्या. त्यांनी रक्तस्राव होतो, पण शरीर सावरलंय असं त्यातून कळत नाही आणि हाडांची झीजही भरून निघत नाही. पाळी खाण्यानं परत येते. याच्या उलटही घडतं: पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) म्हणून ‘दहा किलो उतरव’ असं ऐकलेली मुलगी डाएट करता करता आजारात शिरते. अशा मुलीला वजनाचा आकडा देणाऱ्यानं दर महिन्याला तिच्याकडे बघायलाही हवं.

पायरी ६. ताट

ॲनोरेक्सियाचं औषध अन्न आहे, आणि हे मी सुविचार म्हणून सांगत नाही. उपाशी मेंदू समुपदेशन घेऊ शकत नाही. तो अन्नाभोवतीच फिरत राहतो, हट्टी होतो, रडका होतो. आधी वजन, मग मनाच्या खोलातल्या गोष्टी. घरचे लोक उलटं करतात: ‘आधी तिचं टेन्शन जाऊ दे, मग जेवेल आपोआप.’ जेवत नाही.

आधी इशारा. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात एकदम जास्त अन्न, विशेषतः साखर-पिठाचं, गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून पायरी ३ मधल्या दुसऱ्या तपासणीत बसणाऱ्यांचा पहिला आठवडा-दोन आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली, वारंवार रक्त तपासत आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन जायला हवेत. ‘आणलीय एकदाची जेवायला’ म्हणून पहिल्याच दिवशी पुरणपोळी, दूध आणि वर ग्लुकोज असला लाड नको.

डॉक्टरांनी घरी चालेल म्हटलं की मग असं करा.

*ताट मोठ्यांनी वाढायचं.* काय, किती आणि कधी हे काही महिने आई-वडील ठरवतात. किशोरवयीनांसाठी सगळ्यात चांगला आधार असलेली कुटुंबाधारित उपचारपद्धत याच पायावर उभी आहे: आधी खाण्याचा ताबा पालकांकडे, वजन सावरलं की तो हळूहळू मुलीकडे परत, आणि शेवटी वयाच्या बाकीच्या प्रश्नांकडे. सगळं मिळून सहा महिने ते वर्ष. ‘तुला काय हवं ते सांग, करून देते’ हे प्रेमानं विचारलेलं वाक्य तिच्यावर सगळ्यात मोठं ओझं टाकतं. तिला निवडता येत नाही हाच तर आजार.

*दिवसातून सहा वेळा, साधारण तीन-चार तासांच्या अंतरानं.* सकाळी साडेसातला शेंगदाणे घातलेले पोहे किंवा लोणी लावलेलं थालीपीठ, आणि दूध. साडेदहाला केळं आणि मूठभर बेदाणे. आपल्या जिल्ह्यात बेदाण्याला कसली ददात. एकला जेवण: चपाती किंवा भाकरी, आमटी, भाजी, भात, वर तूप. चारला शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. आठला पुन्हा पूर्ण जेवण. झोपताना दूध. भाज्या-काकडी-ताकानं पोट भरू देऊ नका. जागा अडते, ताकद मिळत नाही. तेल-तूप चोरून मिसळू नका. एकदा सापडलात की पुढचे चार महिने ती प्रत्येक आमटीकडे संशयानं बघणार. उघड घाला, तिच्यासमोर.

*ग्रॅम आणि कॅलरी लिहायच्या नाहीत.* ही माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका बारावीतल्या मुलीला मी नीट छापलेला तक्ता दिला होता, प्रत्येक पदार्थापुढे आकडा. तिनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. महिन्यानं वजन आणखी उतरलं. मी ‘कमीत कमी एवढं’ म्हणून दिलेले आकडे तिनं ‘यापुढे नाही’ असे वाचले होते, आणि रोज त्याच्या थोडं खाली राहून जिंकत होती. तेव्हापासून मी वाटी, पळी आणि नग यांतच बोलते, आणि तेही आईशी.

*जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं.* कुणीतरी शेजारी बसून स्वतः जेवायचं. ‘हे औषध आहे. मी इथंच आहे. पुढचा घास.’ एवढंच बोलत राहा. वाद, हिशेब, परीक्षेचे मार्क यातलं काही ताटावर नको. ती चिडेल, ताट ढकलेल, तुम्हाला दुष्ट म्हणेल. पहिले तीन आठवडे सगळ्यात वाईट असतात.

*नंतरचा एक तास सोबत.* लुडो, टीव्ही, शेंगा सोलणं, काहीही. बाथरूम जेवणाच्या आधी.

*वजन आठवड्यातून एकदा,* सकाळी, लघवी करून, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर. घरातला रोजचा काटा उचलून ठेवा. आकडा सांगायचा की पाठ करून उभं करायचं हे उपचार करणाऱ्याशी ठरवा. घरी उपचार चालू असताना आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ चांगली. दोन आठवडे काही वाढ नाही म्हणजे ताट कमी पडतंय किंवा अन्न कुठंतरी जातंय.

*तपासून पाहा:* दुपारचा डबा कॉलेजमध्ये कुणाबरोबर खाते? उत्तर ‘मैत्रिणी’ असेल तर ते उत्तर नाही. काही आठवडे दुपारी घरी आणा, किंवा वर्गशिक्षिकेसमोर डबा.

आणि नातेवाईक. लग्नाच्या मांडवात आत्या गाल ओढून म्हणणार, ‘चांगली भरलीस की गं अंगानं!’ आत्याचं प्रेम खरं असतं आणि त्या वाक्यानं दोन आठवड्यांचं काम वाया जातं. आत्याला आदल्या दिवशी फोन करा: तब्येतीबद्दल चांगलं-वाईट काहीच नको, अभ्यासाचं विचारा.

पायरी ७. बुलिमिया आणि बिंजसाठी ताट वेगळं

इथं जबरदस्तीनं खाऊ घालण्याचा प्रश्नच नसतो. इथली चूक म्हणजे डाएट. रात्री डबा रिकामा करणाऱ्या बहुतेकांच्या वहीत सकाळी फक्त चहा आणि दुपारी काकडी लिहिलेली असते. दिवसभर आवळून धरलेलं रात्री सुटतं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण शरीर नेमकं तसंच वागतं. म्हणून पहिलं काम: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, चार तासांपेक्षा मोठी फट नाही. रात्री बिंज झालं तरी सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी. तो चुकवला की चक्र पुन्हा सुरू. वजन उतरवायचं नाव बिंज थांबेपर्यंत काढायचं नाही.

भडंगाचे, बिस्किटांचे डबे कुलपात ठेवल्यानं फरक पडत नाही, दुकान कोपऱ्यावर आहे. काही दिवस मोठे साठे न आणणं मात्र शहाणपणाचं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका. आम्लानं मऊ पडलेलं कवच ब्रशनं खरवडलं जातं. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरा, घासायला निदान अर्धा तास थांबा. आणि जुलाबाचं चूर्ण: ते मोठ्या आतड्यावर काम करतं, अन्नातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. काट्यावर कमी दिसतं ते पाणी आणि क्षार. बरीच वर्षं रोज घेत असाल तर थांबवताना डॉक्टरांना विचारा. काही दिवस सूज आणि बद्धकोष्ठ येतं, आणि घाबरून माणसं पुन्हा चूर्णाकडे वळतात.

उपचार म्हणजे खाण्याच्या विकारांसाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उपयोगी पडतं, आणि त्याचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त, ६० मिलिग्रॅमपर्यंत असतो. चिठ्ठी बघून कुणी काका ‘एवढी पॉवर?’ म्हणतील आणि गोळी अर्धी करतील. करू देऊ नका, डॉक्टरांना विचारा. ॲनोरेक्सियात वजन फार कमी असताना हीच गोळी फारसं काम करत नाही. बुप्रोपिऑन नावाचं औषध या विकारांत टाळतात, कारण झटके येऊ शकतात. म्हणून उलट्यांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

पायरी ८. माती-खडू, आणि मोजकंच खाणारी मुलं

पायकात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असल्यामुळं माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं फार आढळतं, आणि लोह भरून निघू लागलं की ती ओढ अनेकदा काही आठवड्यांत ओसरते. गर्भवतीच्या बाबतीत ‘डोहाळे आहेत’ म्हणून माती आणून देऊ नका, रक्त तपासा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको, आणि हिमोग्लोबिन सुधारलं तरी साधारण तीन महिने चालू ठेवा. जुन्या रंगाचे पोपडे खाणाऱ्या मुलाचं शिसं तपासायला सांगा. केस खाणारी मुलगी पोटदुखी-उलट्या सांगू लागली तर थांबू नका; पोटात केसांचा गोळा होतो.

आर्फिडमध्ये जबरदस्ती सगळ्यात वाईट. नाक दाबून भरवलेला एक घास सहा महिने मागे नेतो. जे चार पदार्थ खातो ते चालू ठेवा, आणि पाचवा फक्त ताटाच्या कडेला. हात लावला तरी पुरे. मग वास, मग जिभेला, मग दाण्याएवढा. वाढ खुंटली असेल तर बालरोगतज्ज्ञ, आणि स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका असेल तर तीही तपासणी.

पायरी ९. रुग्णालयात भरती करायची वेळ आली तर

घाबरायचं कारण एकच असतं: ‘पोरीला वेड्यांच्यात ठेवतील.’ पायरी ३ मधल्या शरीराच्या खुणांसाठीची भरती मेडिसिन किंवा बालरोग वॉर्डात, हृदय आणि क्षार सांभाळायला असते. मानसोपचार विभागात अल्पवयीन मुलीला ठेवायचं झालं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे तिची व्यवस्था मोठ्यांपासून वेगळी लागते आणि सोबत स्त्री नातेवाईक किंवा मदतनीस राहते. त्याच कायद्यानं मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा देणं बंधनकारक केलंय. तेव्हा क्लेम नाकारला तर नाकारल्याचं कारण लेखी मागा.

पायरी १०. घसरण

वजन आलं, पाळी आली, की घर सुटकेचा श्वास टाकतं आणि देखरेख एका दिवसात काढून घेतं. ती टप्प्याटप्प्यानं काढा. आधी मधलं खाणं तिच्या हातात, पंधरा दिवस वजन टिकलं तर दुपारचा डबा, मग रात्रीचं जेवण. व्यायाम आणि भरतीची पळापळ सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर.

ती बरी असतानाच तिच्याबरोबर बसून तिच्या स्वतःच्या तीन खुणा लिहून घ्या. एका मुलीच्या यादीत होतं: ‘नाश्ता उशिरा करते, भात सोडते, आरशाशी जास्त वेळ.’ तो कागद फडताळाच्या दाराला आतून लावलाय. तीनपैकी दोन दिसल्या की कुणी चर्चा करायची नाही, त्याच दिवसापासून सहा वेळांचं ताट पुन्हा आईच्या हातात, असं दोघींनी आधीच ठरवलंय. दहावी-बारावीचे निकाल, हॉस्टेल, लग्न ठरणं आणि बाळंतपण या चार वेळांना कागदाकडे जरा जास्त बघा.

राहिला आज्जीचा प्रश्न, जो प्रत्येक घरात येतो: ‘मग संकष्टी कधी धरायची हिनं?’ माझं उत्तर, निदान वर्षभर नाही. आजाऱ्याला उपासाची सूट आपल्याकडे जुनीच आहे, हे आज्जीला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तिलाच सांगा नातीला समजावायला. मोदक केलेच असतील तर पहिला तिच्या ताटात, आणि आज्जीनं शेजारी बसून दुसरा स्वतः खायचा.